पाठीवर तीस पैकी तीस

१ फेब्रुवारी, रविवार

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजच्या तारखेपर्यंत: सात खुर्च्या (सातवी डुगडुगते असं बायको म्हणते, खुर्ची सरळ आहे, फरशीला उतार आहे). पुस्तकांचं एक कपाट. चपलांचा एक जोड. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा, रुंदी अठरा मिलिमीटर. दुकानातल्या बावीस हत्यारांच्या मुठी. बायकोच्या चष्म्याच्या, नाकावर टेकतात त्या दोन गाद्या. ही वही, शिलाईसकट. आणि या सगळ्याला धरून ठेवणारं चिवट.

चिवट हे नाव माझं, कृतीही माझी. टाइपरायटर दुरुस्तीचं काम संपलं तेव्हा लोक म्हणाले, आता हा काय करणार. नऊ वर्षं आणि एकशे चौदा प्रयोग केले. राळ, मेण, जवसाचं तेल आणि चौथी एक वस्तू, जी मी इथेही लिहीत नाही. लाकूड, चामडं, काच, पत्रा, काहीही आणा. एकेचाळीस गिऱ्हाइकं बाटली घेऊन गेली, एकही तक्रार घेऊन परत आलं नाही. शिक्षण दहावी. पुढचं सगळं हातांनी शिकलो.

काल टायवाला आला होता. रंग आणि गोंद बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा माणूस. त्यांना चिवटची कृती विकत हवी आहे. त्याने रक्कम एका कागदावर लिहिली आणि कागद उलटा ठेवला. मी तो त्याच्यासमोर सरळ केला नाही. तो गेल्यावर केला, आणि दोनदा पाणी प्यायलो.

अडचण एकच. निघताना त्याने हात मिळवायला हात पुढे केला आणि माझा पाहून मागे घेतला. हात तीन वर्षांपासून असेच आहेत. भेगा, लाली, खाज, मधूनमधून लस. "हे चिवटमुळे तर नाही ना?" त्याने विचारलं. नसल्याचं डॉक्टरचं पत्र कंपनीला लागेल म्हणाला. म्हटलं, आणतो. आईचं दूध लेकराला बाधतं का.

कारण शोधून काढायचं. नोंदीशिवाय कारण सापडत नाही, म्हणून ही वही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

खाजेची मोजणी केली. उजवा तळवा: हातोडीची मूठ धरतो त्या जागी आडवा पट्टा. डावं मनगट: अठरा मिलिमीटर रुंद लाल कडं. घड्याळाचा पट्टाही अठरा मिलिमीटर, हा योगायोग नोंदवून ठेवतो. दोन्ही पाय: चपलेच्या पट्ट्याखाली. बायकोच्या पापण्याही सुजतात, पण ती कांदा चिरते.

पहिला संशयित: साबण.

बायको म्हणाली, "अहो, वीस वर्षं तोच साबण आहे."

"म्हणूनच. वीस वर्षं साठत गेलं."

"मग मला नको का व्हायला?"

"तुला पापण्यांना झालंय."

"मी साबण पापण्यांना लावते?"

मी विषय बंद केला. ती तिच्या प्लास्टिकच्या स्टुलावर जाऊन बसली. घरात सात खुर्च्या असताना ही बाई बाजारातून आणलेल्या स्टुलावर का बसते, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "सवय."

७ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी चाचणी. पद्धत अशी: एकेका वस्तूचा छोटा नमुना कातडीवर ठेवायचा, झाकायचा, दोन दिवसांनी उघडून पाहायचा. जिथे लाल, ते कारण. ही पद्धत मी स्वतः शोधली. नंतर वाचनात आलं की डॉक्टर लोकही असंच करतात. मोठी माणसं एकाच दिशेने विचार करतात.

दोन्ही मांड्यांवर मिळून नऊ चौकोन: साबण, दंतमंजन, नाणं, रबर, चामड्याचा तुकडा, वर्तमानपत्राची शाई, खोबरेल, बायकोची पावडर, आणि नववा कोरा कापूस. कोरा अशासाठी की तुलनेला काहीतरी निर्दोष लागतं. हे दहावीवाल्याला सुचलं.

बाजारातल्या चिकटपट्टीवर माझा विश्वास नाही. नऊही चौकोन कडेने चिवट लावून बसवले. भूकंप झाला तरी हलणार नाहीत.

९ फेब्रुवारी, सोमवार

निकाल धक्कादायक. नऊच्या नऊ लाल.

कोरा कापूसही सुटला नाही. दोनदा तपासलं. भिंगातून पाहिलं तर एक गोष्ट लक्षात आली, जी सामान्य माणसाच्या नजरेतून सुटली असती: प्रत्येक चौकोनात मधली कातडी स्वच्छ आहे आणि लाली फक्त कडेला, नेमकी चौकोनी रेघ. याचा अर्थ ॲलर्जी कडेकडून सुरू होते आणि आत सरकत जाते. हे कुठे छापून आलेलं नसावं. तारीख टाकून ठेवतो.

बायकोला मांडी दाखवली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली.

काखेत मी काही लावलंच नव्हतं. तिला पद्धत कळलेली नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

नाणी आणि वर्तमानपत्र टाळता येतं. कापूस मात्र चहूकडे आहे. गादी, उशी, टॉवेल, बनियन, वाती, जखमेची पट्टी. जगात एवढा कापूस आहे याची मला कल्पना नव्हती. आज सगळा बाहेर काढला. गादीच्या जागी ताडपत्री. अंगात नायलॉनचा रेनकोट, आतून.

बायको म्हणाली, "तुम्ही कूस बदलली की कोणीतरी चिवड्याची पुडी उघडतंय असं वाटतं."

शेजारच्या शिंप्याकडे नायलॉनची दोन बनियनं शिवायला टाकली. शिंपी म्हणजे आमच्या दुकानाला लागून ज्याचं यंत्र आहे तो, चिवटचा पहिला गिऱ्हाईक. शिवणीच्या आधी कापड धरून ठेवायला तो पिन लावत नाही, चिवटचा ठिपका लावतो. त्याने माप घेतलं पण तोंड वाकडं केलं.

"नायलॉनचं बनियन? काका, घामाने उकडून निघाल."

"घाम परवडला. कापूस जीव घेतोय माझा."

त्याच्या तीन बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. सुया टोचत असणार. तीस वर्षं धंद्यात, अजून सुई धरता येत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वय माझ्या मुलीएवढं. मी त्यांना माझ्या हाताला लागणाऱ्या वस्तूंची यादी दिली: दोनशे बारा वस्तू, वर्णानुक्रमे. चिवट यादीत घातलं नाही. घरच्या माणसाचं नाव कोणी संशयितांत घालतं का.

त्यांनी यादी पूर्ण वाचली, हे कबूल करतो. मग विचारलं, "गोंद वगैरे काही?"

"गोंद मी वापरत नाही," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं आहे. चिवटला गोंद म्हणणं म्हणजे घड्याळाला डबी म्हणणं.

कापसाचा निष्कर्ष सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काका, कापसाची ॲलर्जी मी अजून पाहिलेली नाही."

"आता पाहाल."

सोमवारी पाठीवर पट्ट्या लावणार. पत्राचं विचारलं. म्हणाल्या, आधी पाठ बोलू दे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पट्ट्या लागल्या. तीन रांगा, प्रत्येकीत दहा छोट्या वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ मलमात मिसळलेला: कुठे दागिन्यातला धातू, कुठे केसांच्या रंगातलं रसायन, कुठे रबरातलं, कुठे अत्तरातलं. पाठीवर शाईने आकडे. बुधवारी पट्ट्या काढून पहिलं वाचन, शुक्रवारी दुसरं, कारण खरी ॲलर्जी सावकाश उठते. तोवर आंघोळ नाही, घाम नाही, ओझं नाही, आणि पट्ट्यांना हात लावायचा नाही.

मांडणी चांगली आहे. पण चिकटपट्टी पाहून वाईट वाटलं. एवढी शिकलेली बाई, आणि पट्टी दोन दमड्यांची.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी शिंकलो. डावीकडची वरची पट्टी कोपऱ्यात उचलली गेली. उघड्या कोपऱ्यातून हवा आत जाणार, निकाल चुकणार, पत्र चुकणार. टायवाला महिनाअखेरीला येणार आहे.

बायकोला चिवट लावून दे म्हटलं. तिने साफ नकार दिला.

"डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून बजावलंय."

मग मी ब्रशला दोन फुटांची काठी जोडली, दोन आरसे समोरासमोर लावले आणि तिन्ही पट्ट्यांच्या कडा, शिवाय प्रत्येक वाटीभोवती एकेक कडं, असं चिवट भरून घेतलं. आरशात डावं ते उजवं दिसतं, त्यामुळे सुरुवातीला थोडं मानेला आणि एका कानाला लागलं. नंतर हात बसला. पाठीवर, आरशात उलटं बघून, दोन फुटांवरून, एक मिलिमीटरची रेघ. हे कोणी करून दाखवावं.

"लावलात ना हात शेवटी?" बायको म्हणाली.

"हात नाही लावला. ब्रश लावला."

१८ फेब्रुवारी, बुधवार

पट्ट्या काढायला एक तास दहा मिनिटं लागली. आधी डॉक्टरीणबाईंनी ओढलं, मग नर्सने, मग दोघींनी. नर्सने माझ्या कमरेला एक पाय टेकवला असावा. पालथा असल्याने नक्की सांगता येत नाही. शेवटी अर्धी बाटली तेल गेलं. दुखलं, पण आतून समाधान होतं. चिवटची याहून कठीण परीक्षा कधी झाली नव्हती.

नर्सने दिवा पाठीजवळ आणला.

"किती लाल?" मी विचारलं.

"सगळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तीस पैकी तीस. शाळेत मला कशातच पैकीच्या पैकी मिळाले नव्हते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरं वाचन झालंच नाही. वाचायला काही उरलं नाही म्हणाल्या. पाठ एकदा अशी चिडली की कुणावरही चिडते, खऱ्या दोषीवर आणि निर्दोषावरही. मला जुन्या नोकरीतल्या मोठ्या साहेबांची आठवण झाली, पण बोललो नाही.

"कशाने चिकटवलं होतंत?"

खिशातून बाटली काढून दिली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं हेडमास्तर काचेकडे आणि मग चेंडूकडे पाहतात.

"यात काय काय आहे?"

"ते सांगता येणार नाही. व्यवहार चालू आहे."

"काका, ही बाटली माझ्याकडे राहील. आणि ज्याला ज्याला हे लागलंय ते सहा आठवडे लांब ठेवा. चपला, पट्टा, हत्यारं, सगळं. पाठ शांत झाली की पुन्हा करू."

त्यांचा चिवटवरचा राग समजण्यासारखा आहे. तासभर ओढायला लागलं त्यांना.

घरी आल्यावर बायकोने दुकानाची किल्ली मागून घेतली आणि पिठाच्या डब्यात टाकली. टायवाल्याला फोन करून मुदत वाढवून घेतली.

१५ मार्च, रविवार

एवढे दिवस लिहिण्यासारखं काही केलं नाही, कारण काहीच करू दिलं गेलं नाही. बसायलासुद्धा स्टूल.

नोंद: तळवे स्वच्छ. मनगट स्वच्छ. पाय स्वच्छ. तीन वर्षांत पहिल्यांदा मूठ पूर्ण मिटली. बायकोने चष्म्याची फ्रेम बदलून आणली, फॅशन म्हणून असावं. तिच्याही पापण्यांची सूज उतरली. कांदा मात्र चिरतेच आहे.

श्रेय नायलॉनला.

आज तिने माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "लग्नात असा होता," म्हणाली. मी घड्याळ पाहिल्यासारखं केलं. मनगटावर घड्याळ नव्हतं.

६ एप्रिल, सोमवार

दुसरी खेप. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सूचना मला दिल्याच नाहीत, बायकोला दिल्या. पट्ट्यांवरून बनियन घातलं आणि शिंप्याला बोलावून ते पाठीमागून शिवून बंद केलं. माझ्याच अंगावर. शिंपी म्हणाला, "काका, श्वास घ्या, टाका घालतोय."

बनियन सुती आहे. मी लेखी निषेध नोंदवला. या वहीत.

या वेळी वाट्या तीस नसून एकतीस आहेत. एकतिसाव्यात काय, ते सांगितलं नाही.

८ एप्रिल, बुधवार

पट्ट्या चार मिनिटांत निघाल्या. फारच हलकं काम. बायको कानाशी वाकून म्हणाली, "दोनच दिसतायत." मी म्हटलं, "वाचन शुक्रवारी पक्कं होतं." पण घरी येताना जिन्यावर दोनदा थांबलो. दम लागला नव्हता.

१० एप्रिल, शुक्रवार

एकोणतीस वाट्या कोऱ्या. कापसाची शिवण अंगावर दोन दिवस होती, तिथेही काही नाही.

बाराव्या वाटीखाली फोडांसकट लाल वर्तुळ. डॉक्टरीणबाईंनी कागदावर तीन अधिक काढले. याहून वर खूण नसते म्हणाल्या. बारावी वाटी म्हणजे राळ. एकतिसावी म्हणजे चिवट, पातळ करून. तिथेही तीन अधिक.

मी म्हणालो, आकडे सरकले असतील. त्यांनी मोजपट्टी दिली. बायकोने आरसा धरला. मी प्रत्येक वाटीतलं अंतर मोजलं. अंतरं बरोबर होती.

"म्हणजे नऊ घरगुती चौकोनांची लाल कड..."

"चिवट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि तीस पैकी तीस..."

"तेही."

बाई वाईट नाही. पुढे म्हणाल्या, राळेची ॲलर्जी सर्रास आढळते, चिकटपट्टीत असते, शाईत, पॉलिशमध्ये, नाटकातल्या दाढीमिशीच्या गोंदात. प्रत्येकाला होत नाही. पण एकदा झाली की जात नाही, आणि रोज कातडीला लागत राहिलं की होणाऱ्यांची संख्या वाढते. मला आता आयुष्यभर राळ वर्ज्य. मग म्हणाल्या, "वस्तू म्हणून चांगली आहे हो. नर्सचा खांदा अजून दुखतोय."

बायकोला कधीपासून माहीत होतं, हे मी परतताना विचारलं नाही. ती पुन्हा "सवय" म्हणाली असती.

११ एप्रिल, शनिवार

शिंप्याकडे गेलो. म्हटलं, पट्ट्या सोड.

"कशाला काका?"

"सोड."

तिन्ही बोटांची टोकं सोललेल्या बटाट्यासारखी. म्हणाला, दोन वर्षं झाली, सुईचा टोचा कळत नाही, बारीक काम मुलीकडे दिलंय. "पण तुमचं चिवट एक नंबर. बोटं फाटली, शिवण नाही."

हे तो कौतुकाने बोलला.

१३ एप्रिल, सोमवार

दुकानाच्या वहीतून एकेचाळीस गिऱ्हाइकांची यादी काढली. आज तेरा घरी गेलो. दार उघडलं की म्हणायचं, हात दाखवा. नऊ जणांनी दोन्ही नीट दाखवले. एकाने मला ज्योतिषी समजून डावा दाखवला आणि नोकरीचं विचारलं. दोघांनी मागल्या वेळच्या पैशांसाठी आलो समजून दिवे बंद केले. एका म्हातारीने दार लावून घेतलं, मग खिडकीतून दाखवला.

नऊपैकी चार लाल. एक पेटीवाले मास्तर, उजव्या हाताची दोन बोटं. त्यांनी पेटीच्या पट्ट्या चिवटने बसवल्या होत्या. म्हणाले, "वय झालं, म्हणून समजत होतो."

बाटल्या परत घेतल्या. उरलेल्या अठ्ठावीस घरी उद्या आणि परवा.

१५ एप्रिल, बुधवार

एकूण एकेचाळीस. भेटले चौतीस. लाल अकरा. तक्रार घेऊन आलेले शून्य. आधी या शून्याचा मला अभिमान होता.

१७ एप्रिल, शुक्रवार

टायवाला आला. डॉक्टरीणबाईंचं पत्र मी स्वतःहून समोर ठेवलं. वाटलं, वाचून उठेल, आणि सुटका होईल.

तो वाचून म्हणाला, "काही हरकत नाही."

"तुम्हीच पत्र मागितलं होतंत."

"नियम म्हणून. पत्र चांगलं आलं असतं तर छापलं असतं. आता छापणार नाही."

मग त्याने डब्याचा नमुना काढला. सुंदर काम. पुढच्या बाजूला पिवळ्यावर लाल अक्षरांत 'चिवट'. माझं नाव ठेवलं होतं त्यांनी, कृतीसोबत नावही घ्यायला तयार होते. मी डबा फिरवला. तळाशी, जिथे किंमत असते तिथे, राळेचा उल्लेख. मी व्हर्नियरची मोजपट्टी काढली. 'चिवट' अक्षरांची उंची बावीस मिलिमीटर. 'राळ' एक पूर्णांक एक दशांश.

म्हटलं, प्रमाण चुकलंय. दोन्ही बावीस करा. आणि खाली, 'हात लाल झाले तर वापर थांबवा', तेही बावीस.

"काका, एवढं लिहिलं तर डबा घेणार कोण?"

"मी घेतला असता."

"तुम्हाला तर चालतच नाही."

"म्हणूनच. तीन वर्षांपूर्वी कुणी लिहिलं असतं तर वाचलं असतं मी."

तो हसला. दहा मिलिमीटरवर आला. मग सहा कमी करून चारवर. मी बावीसवर. बायको दारात उभी होती, हातात पिठाचा डबा. तिला चारचौघांसमोर बोलायची सवय नाही, पण ती म्हणाली, "अहो, त्यांना चहा तरी विचारा, मग हाकला."

चहा झाला. तो गेला. जाताना या खेपेला त्याने हात मिळवला. माझा हात स्वच्छ होता.

लोकांनी गैरसमज करून घेऊ नये म्हणून लिहून ठेवतो. मी दयाळू वगैरे नाही. अक्षरांच्या उंचीत तडजोड मला जमत नाही, एवढंच कारण. तसं मी शिंप्यालाही सांगितलं. तो पट्ट्या न बांधलेल्या बोटांनी काज करत होता, मान वर न करता "हो काका" म्हणाला.

१८ एप्रिल, शनिवार

नाकारलेला प्रस्ताव, नोंदीसाठी: 'चिवट' या वस्तूची पूर्ण कृती, चौथ्या पदार्थासह, आणि नावाचा हक्क, कायमचा. अक्षरांची उंची चार मिलिमीटर. रक्कम, एकरकमी: सात लाख पंच्याऐंशी हजार.